पिवळ्या झाकणाची वायल

चार संकरित क्लोनपैकी, म्हणजे एकेका पेशीपासून वाढवलेल्या चार पेशीसमूहांपैकी, तीन शहाण्यासारखे वागले. चौथ्याने अख्खा प्रबंध अडवून धरला.

प्रकरण साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञान विभागातलं. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातली एक विद्यार्थिनी, तिचे गाइड, लॅबमधले मामा आणि शेजारच्या टेबलावर बसणारा मी, एवढीच पात्रं. प्रबंधाचं शीर्षक भारदस्त होतं: ‘संकरित कृंतक पेशींमधील फायब्रोनेक्टिनची अभिव्यक्ती आणि गाठ निर्माण करण्याची क्षमता’. कृंतक म्हणजे उंदीर-हॅमस्टरसारखे कुरतडणारे प्राणी, आणि फायब्रोनेक्टिन म्हणजे पेशीला चिकटायला लागणारं एक प्रथिन. माझा त्यात अधिकृत वाटा काही नव्हता. पण गाइड आणि विद्यार्थिनी दोघंही वेगवेगळ्या वेळी ब्लॉटची, म्हणजे जेलवर वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीने ओळखून पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी, एकच फिल्म घेऊन माझ्याकडे यायला लागले, तेव्हा मध्ये पडावंच लागलं.

आधी पेशींबद्दल. या पेशी चिनी हॅमस्टर आणि उंदीर यांच्या संकराच्या. हॅमस्टरकडची बाजू बिघडलेली, म्हणजे कर्करोगी पेशींसारखी, आधाराशिवाय सॉफ्ट अगार या मऊ जेलीत खुशाल कॉलन्या करणारी, आणि शिवाय एचजीपीआरटी हे विकर गमावून बसलेली. उंदराकडची बाजू साधी, भ्रूणातल्या फायब्रोब्लास्ट या ऊतींना आधार देणाऱ्या पेशींची. पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरून दोन्ही जोडल्या होत्या. हे काम विभागातलं नव्हे. एका निवृत्त संशोधकांनी आपल्याकडच्या गोठवलेल्या चार वायल (कुप्या) विभागाला दिल्या होत्या. झाकणं लाल, निळं, हिरवं आणि पिवळं. वहीत त्यांचे लांबलचक क्रमांक आहेत, पण तोंडी कोणी ते घेत नाही. ‘लाल बरा आहे, हिरव्याचा मीडिया पिवळा पडलाय,’ असलंच बोलणं चालतं आणि नव्या माणसाचा पार गोंधळ उडतो.

साताऱ्यात द्रव नायट्रोजनची अडचण नसते. गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव फिरतो आणि विभागाचा कंटेनरही त्याच गाडीवर भरला जातो. अडचण सीरमची, म्हणजे मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) घालतात त्या रक्ताच्या पातळ भागाची. ते पुण्याहून थर्मोकोलच्या खोक्यात येतं, रात्रीच्या गाडीने, आणि मामा पोवई नाक्यावर जाऊन उतरवून घेतात. सीरमचा उल्लेख मुद्दाम करतोय, कारण या प्रकरणातला पहिला चोर त्याच खोक्यातून आला.

संकरित पेशी निवडायची युक्ती जॉन लिटलफील्ड यांची, १९६४ सालची. हायपोझँथिन, अमायनोप्टेरिन आणि थायमिडिन घातलेला मीडिया, म्हणजे आपला ‘हॅट’. अमायनोप्टेरिन डीएनएचे घटक नव्याने बनवण्याची मुख्य वाट बंद करतं. मग पेशीला तयार हायपोझँथिन आणि थायमिडिन वापरून आडवाटेने जगावं लागतं, आणि त्या आडवाटेवर एचजीपीआरटी लागतं. हॅमस्टरच्या पेशीकडे ते नाही, ती मरते. उंदराच्या फायब्रोब्लास्टकडे ते असतं, पण या पेशी सावकाश वाढतात, मागे पडतात. दोघांचा संकर मात्र तरतो आणि फोफावतो.

इथे विद्यार्थ्यांचा एक समज पक्का बसलेला असतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शिकवणाऱ्यांचाही: पेशी हॅटमध्ये ठेवल्या की संकर टिकून राहतो. अर्धवट खरं आहे. एचजीपीआरटीचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. म्हणजे हॅट मीडिया फक्त उंदराच्या एक्स गुणसूत्राला धरून ठेवतो. बाकीच्या गुणसूत्रांवर त्याची काहीच पकड नाही. चिनी हॅमस्टर आणि उंदीर यांच्या संकरात उंदराची गुणसूत्रं पिढ्यांमागून पिढ्या गळत जातात. उंदराचा कोणता जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे हे शोधायला ही गळतीच एके काळी कामाला आली. तेव्हा हॅटमध्ये ठणठणीत वाढणारा फ्लास्क आतून कितपत संकर उरला आहे, हे नुसतं बघून कळत नाही.

आता फायब्रोनेक्टिनच का, ते. १९७३ मध्ये रिचर्ड हाइन्स यांनी पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना किरणोत्सारी आयोडीन लावून पाहिलं, तेव्हा साध्या फायब्रोब्लास्टवर एक मोठं प्रथिन ठळक दिसलं. विषाणूने बिघडवलेल्या पेशींवर ते जवळजवळ नव्हतं. तेच पुढे फायब्रोनेक्टिन म्हणून ओळखलं गेलं. प्रत्येक साखळी सुमारे २२० ते २५० किलोडाल्टनची, अशा दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या. पेशीला बुडाशी चिकटायला आणि भोवती तंतूंचं जाळं विणायला ते लागतं. बिघडलेली पेशी सैल होते, गोल होते, आधाराशिवाय वाढते आणि तिच्यावरचं फायब्रोनेक्टिन गेलेलं असतं. गोष्ट इतकी चपखल बसते की कारण सापडलं असं वाटून जातं.

दुसरी चाचणी सॉफ्ट अगारची. इअन मॅकफर्सन आणि ल्यूक माँतान्ये यांनी १९६४ मध्ये हॅमस्टरच्याच पेशींवर ती बसवली. पातळ अगारमध्ये पेशी लोंबकळत ठेवायच्या. साधी पेशी चिकटायला जागा न मिळाल्याने थांबते, बिघडलेली तिथेच वाढून कॉलनी करते. खरी गाठ होते का हे पाहायचं तर रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या ‘न्यूड’ उंदरांत पेशी टोचाव्या लागतात. त्यासाठी प्राणिगृह हवं, नीतिसमितीची परवानगी हवी. आमच्याकडे दोन्ही नाही. म्हणून प्रबंधात ‘गाठ निर्माण करण्याची क्षमता’ या शब्दांमागे प्रत्यक्षात उभी होती ती अगारमधली वाढ. तेव्हा कोणाला हे खटकलं नाही.

पहिल्या फेरीचे निकाल असे आले. उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये ब्लॉटवर फायब्रोनेक्टिनची पट्टी जाड, अगारमध्ये कॉलनी नाही. लाल आणि निळा तसेच: पट्टी आहे, कॉलनी नाही. हिरव्यात पट्टी नाही, कॉलन्या भरपूर. इथपर्यंत पुस्तकातलं चित्र. पिवळ्यात पट्टी चांगली ठसठशीत आणि कॉलन्याही चांगल्या ठसठशीत.

गाइड म्हणाले, ‘पिवळा वगळा. एखादा क्लोन बिघडतोच. तीन क्लोनवर प्रबंध व्यवस्थित उभा राहतो.’

विद्यार्थिनीचं म्हणणं उलट. ‘सर, एक जरी असा सापडला तरी मग फायब्रोनेक्टिनचा आणि अगारमध्ये वाढण्याचा काही संबंध नाही असंच लिहावं लागेल ना?’

‘अगं, चार वायलमधल्या एकीवरून संबंध नाही म्हणशील?’

‘मग तीन वायलवरून आहे कसं म्हणायचं?’

उत्तर तिखट होतं आणि बरोबर होतं. तरीही तिचा निष्कर्ष मला पटला नाही, आणि सरांचा तर त्याहून नाही. तारीख जवळ आली की नको असलेला नमुना ‘बिघडलेला’ ठरतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. संकरित पेशी बनवतात तेच मुळी एकत्र दिसणारे दोन गुण सुटे करून पाहण्यासाठी. मूळ पेशींमध्ये शेकडो गोष्टी एकाच वेळी वेगळ्या असतात. त्यातलं काय कशामुळे आहे हे तिथे ओळखताच येत नाही. संकरात गुणसूत्रं गळायला लागली की गुण एकेक करून वेगळे होतात. जो क्लोन दोन गुण वेगळे करून दाखवतो तोच कामाचा. तो वगळायचा तर मग संकराचा खटाटोप कशाला?

या बाबतीत इतिहासच दाखला देतो. १९६० मध्ये पॅरिसजवळ जॉर्ज बार्स्की आणि सहकाऱ्यांना उंदराच्या दोन प्रकारच्या पेशी एकत्र वाढवताना आपोआप झालेले संकर सापडले. जास्त गाठी करणारा प्रकार आणि कमी करणारा प्रकार यांच्या संकरानेही गाठी केल्या. त्यावरून कर्करोगी गुण वरचढ असतो असं मानलं जाऊ लागलं. १९६९ मध्ये ऑक्सफर्डचे हेन्री हॅरिस आणि स्टॉकहोमचे जॉर्ज क्लाइन यांच्या गटांनी ‘नेचर’मध्ये नेमकं उलटं छापलं. उंदराच्या अत्यंत घातक गाठींच्या पेशी त्यांनी ए-९ नावाच्या, फारशा गाठी न करणाऱ्या उंदराच्याच पेशींशी जोडल्या, आणि संकरांची गाठ करण्याची ताकद दबली. मग आधी वेगळं का दिसलं? हॅरिस यांच्या संकरांनीही अधूनमधून गाठी केल्याच होत्या. त्यांनी त्या गाठींतल्या पेशी काढून गुणसूत्रं मोजली, तर टोचलेल्या पेशींपेक्षा ती कमी भरली. म्हणजे लाखो पेशी टोचल्या, त्यातल्या ज्या थोड्यांनी दाबून ठेवणारी गुणसूत्रं गमावली होती, त्यांनी गाठ केली. टोचला तो संकर वेगळा, गाठीत सापडला तो वेगळा.

हे वाचून विद्यार्थिनीने वहीत एकच ओळ लिहिली: ‘पिवळ्याच्या फ्लास्कमध्ये कोण आहे?’ प्रश्न उत्तम, पण मी तिला थोडं थांबवलं. त्याआधीचा प्रश्न होता, ब्लॉटवर कोण आहे?

पट्टी कोणाची

फिल्म नीट पाहिली तर हॅमस्टरच्या बिघडलेल्या मूळ पेशींच्या लेनमध्येही अंधुक पट्टी होती. तिथे ती जवळपास नसायला हवी. प्रबंधाच्या मसुद्यात तिच्याबद्दल अवाक्षर नव्हतं, कारण लाल-निळ्याच्या जाड पट्ट्यांशेजारी ती नजरेत भरत नव्हती.

फायब्रोनेक्टिन रक्तद्रवात मुबलक असतं. माणसाच्या रक्तद्रवात ते एका मिलिलीटरमागे सुमारे ३०० मायक्रोग्रॅम. गायीच्या भ्रूणाच्या सीरममध्येही ते असतंच, आणि पेशींच्या मीडियात दहा टक्के सीरम घालतात. फायब्रोनेक्टिनचा स्वभावच चिकटण्याचा. प्लास्टिकच्या बुडाला ते लगेच बसतं. त्यात विभागाकडची अँटिबॉडी पॉलिक्लोनल, म्हणजे एकाच प्रथिनाचे वेगवेगळे भाग ओळखणाऱ्या अँटिबॉडींचं मिश्रण. ती गायीचं, उंदराचं, हॅमस्टरचं फायब्रोनेक्टिन सारख्याच आपुलकीने धरते.

म्हणून एक रिकामी डिश घेतली. तिच्यात फक्त सीरम घातलेला मीडिया, पेशी एकही नाही. रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवली, सकाळी बफरने दोनदा धुतली, पेशी फोडणारा लायसिस बफर घालून रबराच्या पोलिसमनने (खरवडणीने) खरवडली आणि बाकीच्या नमुन्यांसारखीच जेलवर चढवली. मामा शेजारी उभे होते. ‘मॅडम, आत काही नसताना खरवडताय काय?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर फिल्मवर आलं: पेशी नसलेल्या डिशची पट्टी, हॅमस्टरच्या मूळ पेशींच्या पट्टीइतकीच अंधुक.

उपाय जुना आहे. फायब्रोनेक्टिन जिलेटिनला घट्ट धरतं. एंगवाल आणि रुओस्लाहती यांनी १९७७ मध्ये ते शुद्ध करायला हाच गुण वापरला. तीच गोष्ट उलटी करायची. सीरम जिलेटिन लावलेल्या अगारोजच्या स्तंभातून सोडायचं. फायब्रोनेक्टिन स्तंभात अडकतं, बाकीचं सीरम खाली येतं. काढणीच्या आधीचे दोन दिवस सगळ्या पेशी अशा गाळलेल्या सीरमवर ठेवल्या. हॅमस्टरच्या लेनमधली पट्टी गेली. पिवळ्याची राहिली.

दुसरी भानगड हिरव्याची निघाली. वही तपासली तर पहिल्या फेरीत लाल, निळा, पिवळा हे खरवडून काढले होते आणि हिरवा ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने. कारण साधं: हिरव्याच्या पेशी मोजायच्याही होत्या, मोजायला सुट्या लागतात, मग उरलेल्या तशाच ब्लॉटला गेल्या. पेशीबाहेरचं फायब्रोनेक्टिन ट्रिप्सिनपुढे टिकत नाही. हाइन्स यांच्या काळापासून त्याची ही ओळखच आहे. तेव्हा हिरव्यात पट्टी नव्हती ती पेशींनी प्रथिन बनवलं नाही म्हणून, की आम्हीच ते कापून धुऊन टाकलं म्हणून? पहिल्या फेरीवरून सांगणं अशक्य. ज्या क्लोनवर सगळ्यांचा विश्वास होता तोच सगळ्यात कच्च्या पुराव्यावर उभा होता, आणि तो अपेक्षेप्रमाणे वागला म्हणून कोणी वही उघडली नव्हती.

सगळे नमुने सारख्याच दाटीला, सारख्याच पद्धतीने खरवडून पुन्हा काढले. दाटीचं महत्त्व असं की विरळ आणि भराभर वाढणाऱ्या पेशींवर फायब्रोनेक्टिन कमी असतं, फ्लास्क भरून वाढ मंदावली की ते साठतं. एक फ्लास्क अर्धा आणि दुसरा काठोकाठ असेल तर तुलनेला अर्थ नाही. जेलही बदलला. दहा टक्क्यांच्या जेलमध्ये एवढं मोठं प्रथिन वरच्या कडेलाच रेंगाळतं आणि कागदावर धड उतरत नाही. सहा टक्क्यांचा जेल, बफरमध्ये मिथेनॉल कमी, आणि थंडीत रात्रभर ट्रान्सफर. रात्रभर म्हटलं की साताऱ्यात विजेची धाकधूक आली. दोन वेळा मध्यरात्री लाइट गेली. शेवटी पॉवर पॅक कॉम्प्युटर लॅबच्या इन्व्हर्टरवर जोडला. त्याची परवानगी मिळवायला जेवढी धावपळ झाली तेवढी अख्ख्या ब्लॉटला झाली नसेल.

दुसऱ्या फेरीत लाल-निळ्यात पट्टी कायम. हिरव्यात खरोखरच अगदी फिकट; म्हणजे ट्रिप्सिनचा संशय रास्त असला तरी निकाल फिरला नाही. पिवळा जसाच्या तसा: पट्टीही, कॉलन्याही. तांत्रिक सबबी संपल्या.

फ्लास्कमध्ये कोण

आता तिच्या वहीतल्या प्रश्नाची पाळी. इथे दोन चाचण्यांचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. ब्लॉटसाठी अख्खा फ्लास्क खरवडून एका ट्यूबमध्ये विरघळवतात. पट्टी दिसते ती लाखो पेशींची मिळून. सॉफ्ट अगारमध्ये मात्र प्रत्येक पेशी एकेकटी असते, आणि हजारात थोड्या जरी वाढल्या तरी डिशवर कॉलन्या उठून दिसतात. एक चाचणी सगळ्या गावाची सरासरी सांगते, दुसरी मोजक्या दांडग्यांची नावं. ‘पिवळ्यात फायब्रोनेक्टिन आहे आणि पिवळा अगारमध्ये वाढतो’ या वाक्यात दोन्ही वेळा ‘पिवळा’ आला, पण त्यामागच्या पेशी एकच आहेत याची खात्री कोणी केली होती? सगळ्या वादाचं मूळ त्या वाक्यात होतं.

पेशी कव्हरस्लिपवर वाढवल्या, अँटिबॉडीने रंगवल्या आणि फॉइलमध्ये गुंडाळून कराडला नेल्या, कारण फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक तिथे एका ओळखीच्या प्रयोगशाळेत होता. लालची स्लाइड एकसारखी: पेशींवरून, पेशींच्या मधून हिरव्या तंतूंचं दाट जाळं. पिवळ्याची स्लाइड ठिगळांची. एका घोळक्यावर तसंच जाळं, त्याला लागून दुसरा घोळका कोरा, पेशी आखूड आणि गोलसर, मधल्या हद्दीवर तेवढे चार धागे पसरलेले. ते धागे कोऱ्या पेशींचे स्वतःचे असतीलच असं नाही. पेशीबाहेर सोडलेलं प्रथिन शेजारणीवरही बसतं. म्हणून नुसत्या चित्रावर निकाल द्यायला मी तयार नव्हतो.

गुणसूत्रांनी निकाल दिला. पेशी कोल्चिसिनने विभाजनाच्या मध्यावर अडकवल्या, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये फुगवल्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडच्या तीनास एक मिश्रणात स्थिर केल्या आणि गार स्लाइडवर उंचावरून थेंब सोडले. रंग होक्स्ट ३३२५८. हा रंग उंदराच्या गुणसूत्रांच्या सेंट्रोमियरवर (गुणसूत्राचे दोन जोडभाग जिथे एकत्र धरलेले असतात त्या जागेवर) चमकतो, कारण तिथे ए-टी जोड्यांनी भरलेला, पुन्हा पुन्हा तोच क्रम येणारा सॅटेलाइट डीएनए गच्च असतो. हॅमस्टरच्या गुणसूत्रांवर तशी चमक नसते. आकारानेही ओळख पटते. उंदराची ४० गुणसूत्रं सगळी एका टोकाला सेंट्रोमियर असलेली, चिनी हॅमस्टरची २२, त्यातली बरीच दोन भुजांची आणि काही चांगली लांबलचक. याच रंगाने मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींच्या फ्लास्कमध्ये गुपचूप शिरणारा अतिसूक्ष्म जिवाणू, तोही दिसतो, केंद्रकाबाहेर बारीक ठिपक्यांच्या रूपात. तो नव्हता. असता तर वरचं सगळं पाण्यात गेलं असतं, आणि ही तपासणी खरं म्हणजे पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. साताऱ्याच्या पावसाळ्यात लॅमिनारच्या (निर्जंतुक हवेच्या कपाटाच्या) बाहेर बुरशी दिसते तेव्हा सगळे सावध होतात. न दिसणाऱ्या मायकोप्लाझ्माची आठवण कोणाला होत नाही.

लालमध्ये जवळजवळ प्रत्येक पेशीत उंदराची भरपूर गुणसूत्रं. हिरव्यात मोजकी. पिवळ्यात दोन टोळ्या, एक लालसारखी आणि एक हिरव्यासारखी, आणि मधल्या काही. पिवळा हा क्लोन राहिलाच नव्हता. कधी काळी एका पेशीपासून सुरू झाला असेल, पण वाढता वाढता गुणसूत्रं गळून त्याची खिचडी झाली होती. हॅट मीडियाने दोन्ही टोळ्यांना सारखंच जगवलं, कारण दोघींकडे उंदराचं एक्स गुणसूत्र शाबूत होतं.

मग हॅरिस यांनी गाठींबाबत केलं तेच तिने कॉलन्यांबाबत केलं. अगारमधल्या एकेक कॉलन्या बारीक पिपेटने उचलून वेगवेगळ्या वाढवल्या, आणि दुसरीकडे पिवळ्यातल्या पेशी इतक्या विरळ करून पेरल्या की एका खणात एकच पेशी पडावी. सगळ्यांचे ब्लॉट, सगळ्यांची गुणसूत्रं, सगळ्यांची पुन्हा अगारची परीक्षा. कॉलन्यांतून वाढवलेल्या बहुतेक पेशी हिरव्याच्या जातीच्या निघाल्या: उंदराची गुणसूत्रं थोडी, फायब्रोनेक्टिन फिकट. विरळ पेरून मिळालेल्यांपैकी जाड पट्टीवाल्या लालच्या जातीच्या: गुणसूत्रं भरपूर, अगारमध्ये वाढ नाही.

सर खूश झाले. पिवळ्याचं कोडं सुटलं, संबंध पुन्हा जागेवर आला, प्रबंध वेळेत जाणार.

तरीही एक

‘बहुतेक’ या शब्दावर विद्यार्थिनी अडून बसली. अगारमधून उचललेल्या कॉलन्यांपैकी एक तशी नव्हती. तिच्यात फायब्रोनेक्टिन चांगलं होतं, गाळलेल्या सीरमवर, खरवडून, योग्य जेलवर. स्लाइडवर जाळं एकसारखं, ठिगळं नाहीत. गुणसूत्रं हिरव्यापेक्षा जास्त, लालपेक्षा कमी, आणि सगळ्या पेशींत साधारण सारखी. अगारमध्ये पुन्हा घातली तर पुन्हा वाढली. म्हणजे पिवळ्यातल्या विसंगतीचा मोठा भाग खिचडीमुळे होता, पण सगळा नव्हता.

सरांना ही नवी डोकेदुखी वाटली. मला मात्र हाच या कामाचा खरा ऐवज वाटतो, आणि तो आगळाही नाही. चॅनिंग डर आणि एरिक स्टॅनब्रिज यांनी १९७८ मध्ये हेला या माणसाच्या कर्करोगी पेशींच्या संकरांत दाखवलं होतं की पृष्ठभागावरचं हे प्रथिन कमी होणं आणि गाठ होणं यांची जोडी जमत नाही. पुढच्याच वर्षी कान आणि शिन यांनी न्यूड उंदरांवर तपासलं, तर फायब्रोनेक्टिन गमावण्याचा गाठीशी पक्का संबंध सापडला नाही. त्याआधी १९७६ मध्ये केनेथ यामादा आणि सहकाऱ्यांनी बिघडलेल्या पेशींना बाहेरून हे प्रथिन दिलं होतं. पेशी पसरल्या, चिकटल्या, रांगेत लागल्या, दिसायला साध्या झाल्या. वाढीवरचा लगाम मात्र परत आला नाही.

मग फायब्रोनेक्टिन निव्वळ बघ्याच का? तसंही म्हणवत नाही. १९९० मध्ये जानकोटी आणि रुओस्लाहती यांनी चिनी हॅमस्टरच्याच सीएचओ पेशींना फायब्रोनेक्टिन धरणारा ग्राही, अल्फा-५ बीटा-१ इंटेग्रिन, जास्त प्रमाणात बनवायला लावला. त्या पेशींची अगारमधली वाढ घटली आणि न्यूड उंदरांत गाठीही झाल्या नाहीत. प्रथिन असणं ही एक गोष्ट, ते धरून ठेवून त्याचा इशारा आत पोचवणं ही दुसरी. आपला ब्लॉट पहिलीच मोजतो. त्या हट्टी कॉलनीत प्रथिन भरपूर असून ग्राही अपुरा असेल, असं असू शकतं. तसंच आहे असं लिहायला हातात काही नव्हतं, आणि तिने ते लिहिलं नाही.

शीर्षकाचा प्रश्न इथे नव्याने उभा राहिला. स्टॅनब्रिज आणि विल्किन्सन यांच्या १९७८ च्या कामात हेला आणि साध्या फायब्रोब्लास्ट यांचे संकर सॉफ्ट अगारमध्ये मजेत वाढत होते, पण न्यूड उंदरांत गाठी करत नव्हते. म्हणजे अगारमध्ये वाढणं आणि गाठ करणं यांवर वेगवेगळ्या जनुकांचा ताबा असू शकतो. शिन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये कृंतकांच्या पेशींत या दोन गुणांचं घट्ट नातं दाखवलं होतं, आणि सर त्याचाच आधार घेत होते. पण नातं घट्ट आहे म्हणून एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिता येत नाही. फायब्रोनेक्टिनच्या बाबतीत आपण आत्ताच काय पाहिलं? बरीच वादावादी झाली. विद्यापीठाकडे शीर्षक आधीच नोंदलेलं, बदलायचं तर अर्ज, सह्या, पुन्हा सह्या. सरांनी अर्ज केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. नव्या शीर्षकात गाठ नाही; ‘आधारविरहित वाढ’ आहे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी सगळे ब्लॉट शांतपणे पाहिले, रिकाम्या डिशच्या लेनवर बोट ठेवून ‘हे बरं केलंस’ म्हणाल्या आणि मग विचारलं, ‘संकरात दिसणारं फायब्रोनेक्टिन कोणाचं आहे? उंदराच्या जनुकाचं, की हॅमस्टरचा गप्प बसलेला जनुक पुन्हा बोलू लागला?’

ती म्हणाली, ‘या अँटिबॉडीने नाही सांगता येणार, मॅडम. ती दोघांनाही धरते.’

‘मग कशाने येईल?’

उंदराचा फायब्रोनेक्टिनचा जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. दोन्ही प्राण्यांच्या जनुकांचे क्रम ठाऊक आहेत आणि जिथे ते वेगळे आहेत तिथले प्राइमर (डीएनएचे आखूड तुकडे) घेतले, तर कोणाचा आरएनए तयार होतोय हे पीसीआरवर वेगवेगळं दिसतं. हट्टी कॉलनीत उंदराचं पहिलं गुणसूत्र उरलंय का तेही त्याच बैठकीत तपासता येतं. तिने एवढं उत्तर दिलं. प्राइमरची ऑर्डर विभागाने नंतर दिली. पिवळ्यातून निघालेल्या कॉलन्या नायट्रोजनमध्ये आहेत, आणि त्या हट्टी कॉलनीच्या वायलला पांढरं झाकण लावलंय.